बाजार पडला तेव्हा तुमच्या गुंतवणूकवाल्यांनी काय सांगितलं?

विश्रामबागवाली
सकाळपासून बाजार लाल. शेजारच्या काकू गॅलरीतून, "काढून घेऊ का गं सगळं?" मला एकदम २३ मार्च २०२० आठवला. बाबा सांगलीत म्युच्युअल फंडाचं काम करायचे. त्या दिवशी सकाळीच बाजार फार पडल्यानं सर्किट लागून ४५ मिनिटं व्यवहार बंद, संध्याकाळी सेन्सेक्स ३,९०० च्या वर अंकांनी खाली. बाबांचा फोन चार्जरला लावलेलाच कानाला. "वर जाईल" असं कुणालाच म्हणाले नाहीत. पहिला प्रश्न ठरलेला, "पैसे लागणार कधी?" एका हळदीच्या अडत्याच्या मुलीचं लग्न जूनमध्ये. त्यांना म्हणाले, लग्नापुरते आत्ताच काढा. तोट्यात! आई चिडली, धीर द्यायचा सोडून हे काय?
तुमचेही लिहा.

कोरेगावकर
आमचे सातारचे सर फोनच उचलेनात. तेजीत मात्र दिवाळीला कंदी पेढे घेऊन दारात हजर 😀

कृष्णाकाठ
२००८. सेन्सेक्स जानेवारीत २१ हजार, ऑक्टोबरात ८ हजाराच्या खाली. दादा स्टेटमेंट घेऊन गणपती पेठेत गेले, मी मागनं. त्या माणसानं आधी चहा सांगितला. मग रकमेच्या रकान्यावर तळहात ठेवला नि युनिटवर, म्हंजी फंडातल्या आपल्या हिश्श्यांच्या आकड्यावर, बोट. "हे कमी झाल्यात का?" "न्हाईत." "मग जावा घरी." दादा आले की घरी! मला काय झोप न्हाई.

नियमानुसार
युनिट तेवढेच राहतात, पण फंडच रद्दी असेल तर ते धरून काय करणार? आणि फंड विकतो तो वितरक, त्याला कमिशन फंडाकडून. सेबीकडे, म्हणजे बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, नोंदलेला सल्लागार आपल्याकडून फी घेतो. "एसआयपी (दरमहाची ठरलेली गुंतवणूक) थांबवू नका" कोण म्हणतंय ते बघून ऐकावं.

विश्रामबागवाली
बाबा वितरकच. लग्नाचे काढा म्हटल्यावर तेवढ्यावरचं कमिशनही गेलंच की.

कृष्णाकाठ
लगीन झालं का पण?

विश्रामबागवाली
झालं, पन्नास माणसांत. बरेच पैसे उरले. ते परत गुंतवायला आले तोवर बाजार चढलेला. बाबांना चार शब्द ऐकवून गेले.

कृष्णाकाठ
व्यापारी माणूस, ऐकवणारच 😂

कराडची सून
पोळ्या लाटता लाटता लिहितेय, चुका पोटात घाला. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस, बाजार आपटलेला. ह्यांनी ऑफिसातून सरांना फोन केला, आत्ताच्या आत्ता सगळं विका. सर म्हणाले, फॉर्म भरून ठेवतो, उद्या सहीला या. उद्या म्हणे प्रिंटर बिघडलाय. शुक्रवारपर्यंत सगळं भरून आलं. हे त्यावर अजून चकार शब्द बोलत नाहीत.

नियमानुसार
ग्राहकानं सांगूनही विकलं नाही? आणखी पडला असता तर?

कराडची सून
तर ह्यांनी प्रिंटर फोडला असता.

कोरेगावकर
वहिनी, सरांचा नंबर व्यनि करा ना.

कराडची सून
केलाय. पोळी करपली तेवढ्यात.