बीटी वांगं नको, पण सरकीच्या तेलातलं फरसाण चालतं?

भरीतप्रेमी:
जीएम, म्हणजे जनुक बदललेलं पीक, ताटात येऊ देणार नाही म्हणणाऱ्यांना एकच विचारायचंय, फरसाण खाता ना? 2002 ला बीटी कापसाला, म्हणजे बीटी जिवाणूचं अळी मारणारं प्रोटीन झाडातच बनवणारं जनुक घातलेल्या कापसाला, परवानगी मिळाली आणि आता आपल्याकडचा जवळपास सगळा कापूस बीटी आहे, त्याच्याच सरकीचं तेल निघतं, पेंड म्हशीला जाते आणि म्हशीचं दूध आपल्या चहात. मग 2010 मधे तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याला दिलेली स्थगिती अजून कशाला? त्यांच्याच खात्याच्या समितीने आदल्या ऑक्टोबरात मंजुरी दिली होती. बांगलादेशात 2014 पासून शेतकरी तेच जनुक असलेलं वांगं लावतायत. आपण मात्र अळीसाठी फवारे मारमारून पिकवलेलं वांगं आणायचं आणि त्याला सेफ म्हणायचं, वा!

फोडणीकर:
तेलाचं उदाहरण गंडलंय. रिफाइंड तेलात प्रोटीन जवळपास राहतच नाही, वांगं आपण अख्खं खातो.

भरीतप्रेमी:
बरं, प्रोटीनचंच घ्या. अळीचं आतडं अल्कलाइन, तिथे ते प्रोटीन चिकटायला रिसेप्टर असतात म्हणून ती मरते. आपल्या पोटात अॅसिड, रिसेप्टर नाहीत. तोच बीटी जिवाणू ऑरगॅनिकवाले फवारतात तेव्हा कोणी ओरडत नाही.

फोडणीकर:
फवारलेलं उन्हापावसात जातं हो, हे झाडातच तयार होत राहणार. आणि चाचण्यांचा डेटा मुख्यतः कंपनीचाच होता, स्वतंत्र चाचण्या हव्यात हेच रमेश म्हणत होते, त्यात चुकलं काय?

पऱ्हाटीवाला:
विषारी हाय का नाही थे तुम्ही भांडत बसा. आमच्या यवतमाळात सुरवातीची वर्षं बीटीनं फवारे कमी झाले, नाही म्हणत नाही. मंग गुलाबी बोंडअळीनं बीजी-2, म्हंजे दोन जनुकं टाकलेलं बीटी, थे बी पचवलं, 2017 ले बोंडंच्या बोंडं किडली अन् त्याच हंगामात फवारता फवारता माणसं मेली. कडेनं साध्या कापसाच्या ओळी लावा म्हणे, म्हंजे अळी लवकर पचवत नाही. तीन एकरवाला कायले लावते भाऊ? वांग्यातली अळी गुपचूप मरत राहीन का?

तणकट:
म्हणून नवीन काही आणायचंच नाही? 2019 ला अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेने एचटीबीटी, म्हणजे तणनाशक मारलं तरी न मरणारा, मंजुरी नसलेला बीटी कापूस, उघड लावून दाखवला. निंदणाला बाया मिळत नाहीत म्हणून लोक चोर बीटी घेतात, बिल नाही, काही नाही, उगवलं नाही तर तक्रार कुठे करणार? बंदीने काय थांबलं ते सांगा.

मसूरडाळ:
तणनाशकाचा मुद्दा वांग्यात घुसवू नका, दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वांगं हे इथलंच पीक, जळगावच्या भरताच्या वांग्यापासून किती देशी जाती, त्यात परागातून जनुक गेलं तर परत कसं काढणार? शिवाय बांगलादेशातल्या जाती सरकारी, बी घरी ठेवता येतं. आपल्याकडे हायब्रीड आलं की दरवर्षी नवं पाकीट.

भरीतप्रेमी:
अर्धंच सांगताय. धारवाड आणि कोइमतूरच्या कृषी विद्यापीठांनी सरळ वाणातही ते जनुक घातलं होतं, त्याचं बी ठेवता आलं असतं. तेही त्याच स्थगितीत अडकलं!

पऱ्हाटीवाला:
वाण विद्यापीठाचा असो का कंपनीचा. अळीनं पचवल्यावर भरपाई कोण देईन, थे पाकिटावर छापा आधी.