मदत हवी आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर एक्स्पोर्टला लावला की थेट ९५ अंश. कूलर बदलू का?

तापलेला_नागपूरकर

मंडळी, नागपुरात मे महिना आहे, त्यामुळे मशीन थोडं तापणार हे मान्य. पण आता काम अडायला लागलंय.

घरचाच डेस्कटॉप आहे: रायझन ५ ३६००, बी४५० मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर. प्रोसेसरवर खोक्यातून आलेला रेथ स्टेल्थ कूलर, घेतल्यापासून उघडलेला नाही. कॅबिनेटला पुढून सलग काच (दिसायला झकास, बाकी आनंद), मागे एक पंखा, पुढे एकही नाही. काम लग्नाच्या व्हिडिओंचं, म्हणजे दिवसभर डाविंची रिझॉल्व्ह (व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर) उघडं आणि मग एक्स्पोर्ट, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल काढणं.

एचडब्ल्यूइन्फोत (तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) नुसता ब्राउझर उघडा असताना ५० ते ६२ अशा उड्या दिसतात. एक्स्पोर्ट लावला की दोन-तीन मिनिटांत ९५, आणि तिथेच चिकटून बसतं. क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, ४ गिगाहर्ट्झवरून ३.५ पर्यंत उतरतो. बाजूचं झाकण काढलं तर ९५ चं ८७ होतं, एवढा एकच धागा हाती लागलाय.

ज्यांच्याकडून असेंबल करून घेतलं ते म्हणतात, रायझन तापतोच, प्रोसेसर बदलून टाका. मला ते पटत नाही. बजेट तीन हजार. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता पुढे नेणारी पेस्ट घरी बदलता येते का? आणि खिडकीतला कूलर कॅबिनेटकडे वळवला तर चालेल का? वॉटर कूलिंग सुचवू नका, पाणी आणि वीज एका डब्यात ही कल्पनाच सोसत नाही.

जुना_मिस्त्री

प्रोसेसर अजिबात बदलू नका भाऊ. झाकण काढल्यावर आठ अंश उतरले, म्हणजे कॅबिनेटचा श्वास कोंडलाय. ग्राफिक्स कार्डाची गरम हवा आतच फिरते आणि स्टेल्थ तीच पुन्हा ओढून घेतो. पुढे १२० मिमीचे दोन पंखे हवा आत घेणारे लावा. पंख्याच्या ज्या बाजूला फ्रेमच्या आडव्या पट्ट्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते, म्हणजे पुढच्या पंख्यांच्या पट्ट्या कॅबिनेटच्या आत यायला हव्यात. मात्र काच पुढच्या जाळीला अगदी चिकटून असेल तर पंखे लावून काही उपयोग नाही. फट किती आहे ते आधी बघा.

९५ ही एएमडीनेच या प्रोसेसरला ठरवलेली कमाल मर्यादा. तिथे पोचलं की तो स्वतःच क्लॉक उतरवतो, म्हणून जळण्याची भीती नाही, पण काम रेंगाळतं. आणि ब्राउझरवरच्या ५०-६० च्या उड्यांकडे दुर्लक्ष करा. रायझन छोट्याशा कामालाही क्षणभर क्लॉक चढवतो. त्यात ३६०० चे सगळे कोअर एकाच लहानशा चिपलेटमध्ये (प्रोसेसरच्या आतला सिलिकॉनचा तुकडा), तेही मधोमध नाही, एका बाजूला. एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं मुळातच अवघड.

खिडकीतला कूलर खोली गार करतो तेवढा करू द्या. खोली जितकी उतरेल, जवळपास तितकाच प्रोसेसर उतरतो. पण झोत थेट मशीनवर नको, तुषार आणि क्षार आत जातात.

पेस्टवाली_ताई

पेस्ट घरी सहज बदलता येते, फक्त एएम४ ची (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) एक खोड लक्षात ठेवा. पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेली पेस्ट इतकी धरते की कूलर सरळ वर ओढला तर लॉक असलेल्या सॉकेटमधून प्रोसेसरही उपटून येतो. पिना वाकल्या की मग रडत बसा. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एक्स्पोर्ट चालवून पेस्ट नरम करा. मग मशीन बंद करून प्लग काढा, कॅबिनेट आडवं ठेवा, चारही स्क्रू आळीपाळीने तिरपे-तिरपे सैल करा आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हळूहळू फिरवा. आपोआप सुटतो, तेव्हाच उचलायचा. स्टेल्थचे स्क्रू काढल्यावर बोर्डामागची लोखंडी पट्टीही सुटी होते, तेव्हा मागचंही झाकण उघडून ती हाताने धरा.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापडाने पुसा. नवी मधोमध वाटाण्याएवढी पुरे. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, मोकळं भिरभिरू देऊ नका.

स्टेल्थ मुळात ठेंगणा आहे, तुमच्या कामाला तोकडाच. उघडताच आहात तर दोन हजारांच्या आसपास चार हीटपाइपचा (उष्णता वाहून नेणाऱ्या नळ्या) उभा टॉवर कूलर घ्या. आधी कॅबिनेटची रुंदी मोजा, असे कूलर साधारण १५०-१५५ मिमी उंच असतात.

फुकटचा_सल्लागार

खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारी बोर्डाची सेटिंग) पीबीओ, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-मर्यादा बदलायची सोय, तिच्या प्रगत सेटिंगमध्ये पीपीटी (प्रोसेसरला मिळणाऱ्या विजेची कमाल मर्यादा) ८८ वॅट असतो, तो हाताने ६० करा. शेवटचे एक-दोनशे मेगाहर्ट्झ मिळवायला प्रोसेसर उगाच जास्त व्होल्टेज खातो, ते कापलं जातं. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, पण आत्ता ९५ ला अडखळतोय त्यापेक्षा वाईट नक्की नाही.

तापलेला_नागपूरकर

सगळ्यांचे आभार. आधी पीपीटी ६० केला, एक्स्पोर्ट ८२ वर थांबला आणि क्लॉक ३.७ च्या आसपास टिकला. काचेमागे जेमतेम बोटभर फट निघाली, म्हणून दोन पंखे लावून काच सध्या माळ्यावर टाकलीय. जुनी पेस्ट खडूसारखी भुगा होऊन निघाली. टॉवर कूलर बसवून पीपीटी परत ८८ केला, झाकण लावून भर दुपारी ७७. तीन हजारांच्या थोडं वर गेलं, चालायचंच.

एकच राहिलं: ब्राउझर उघडला तरी नवा पंखा मध्येच घूं करतो आणि लगेच शांत होतो. हे कसं थांबवायचं?

जुना_मिस्त्री

त्याच त्या क्षणभराच्या उड्या, पंखा त्यांच्यामागे धावतो. बायोसमध्ये फॅन कर्व्ह (कोणत्या तापमानाला पंखा किती वेगाने फिरेल ते) ६५ अंशांपर्यंत सपाट ठेवा आणि वेग वाढवण्याचा विलंब दोन-तीन सेकंद करा.