महालक्ष्म्या झाल्यावर लेकीकडे नेदरलँड्सला: ॲमस्टरडॅमचे कालवे नीट कसे बघावेत?

चुडामणकाठ

नमस्कार. वरूड तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले. घरची शेती सात एकर, त्यात चार एकर संत्रा, बाकी सोयाबीन आणि तूर. मुलगी दोन वर्षांपासून नेदरलँड्समध्ये युट्रेख्टला नोकरीला आहे. तिनं धोशाच लावला आहे की आई-बाबा, यंदा दोघंही याच. पासपोर्ट हातात आले. आजवरचा आमचा सगळ्यात लांबचा प्रवास रामेश्वरचा, तोही रेल्वेनं.

पहिली अडचण तारखांची. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे सगळे सण पुढे गेले. पोळा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यालाच लागून गणपती, मग महालक्ष्म्या. आमच्या घरी महालक्ष्म्यांना गावजेवण असतं, ते टाकून मी कुठेही जाणार नाही. म्हणजे ऑगस्टअखेर जाऊन पोळ्याच्या आत परत यायचं, नाहीतर २० सप्टेंबरच्या सुमारास निघून सासऱ्यांच्या श्राद्धाच्या, म्हणजे द्वादशीच्या आत घरी पोचायचं. ऑगस्टमध्ये आंबिया बहाराची फळगळ असते, तेव्हा हे बगीचा सोडत नाहीत. सप्टेंबरअखेर सोयाबीन सोंगणीला येतं. काय करावं?

दुसरं म्हणजे काय बघावं. मुलीला सुटी चारच दिवस मिळते, बाकीचे आठ-नऊ दिवस आम्ही दोघंच. मला ॲमस्टरडॅमचे कालवे बघायचे आहेत. नेदरलँड्सची बरीच जमीन समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे वाक्य मी किती वर्गांपुढे म्हटलं असेल. दरवर्षी एखादं पोर विचारायचंच, "मॅडम, मंग गाव बुडत नाही?" मी म्हणायची, बांध घातले आहेत. आणि धडा पुढे न्यायची. ते उत्तर अर्धवट होतं, हे मला तेव्हाही कळत होतं.

१९९१ साली मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा घरामागच्या विहिरीत वाकून पाहिलं की पाण्यात तोंड दिसे. आता बोअर आठशे फुटांवर आहे आणि मे महिन्यात तो अर्धा तास चालून थांबतो. मागच्या दुष्काळात दोनशे झाडं वाळली. वीस वर्षांची झाडं ह्यांनी स्वतः करवतीनं कापली, मजूर लावला नाही. त्यानंतर दोन दिवस हे कोणाशी बोलले नाहीत. म्हणून ज्यांच्या उंबऱ्याशी पाणी आहे ते लोक त्याला कसं वागवतात, ते मला समजून घ्यायचं आहे. तासभर बोटीत बसून फोटो काढून येणं मला पुरायचं नाही.

आम्ही दोघंही माळकरी आहोत, कांदा-लसूण चालतो, अंडं नाही. ह्यांचे गुडघे दुखतात. मुलीनं घरचं तूप आणि संत्रा बर्फी मागितली आहे, ते नेता येईल का तेही सांगा.

आर्वीचा

मॅडम, मी मूळचा आर्वीचा, अकरा वर्षांपासून नेदरलँड्समध्ये आहे. तुम्ही २० सप्टेंबरचाच विचार करा. तेव्हा जुलै-ऑगस्टची झुंबड ओसरलेली असते. दिवसा १७-१८ अंश, रात्री १०-११, म्हणजे आपल्याकडची डिसेंबरातली सकाळ दिवसभर धरून चाला. पाऊस कधीही येतो, बारीक असतो आणि वाऱ्यासोबत आडवा येतो. छत्री उलटते, टोपीचा रेनकोट घ्या. सूर्य साडेसातच्या पुढे मावळतो, त्यामुळे फिरायला भरपूर उजेड मिळतो. ट्यूलिपची फुलं मात्र वसंतातली, ती दिसणार नाहीत.

व्हिसाचं काम आधी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी तरी व्हायलाच हवा, पण तेवढ्यावर ठेवू नका, उन्हाळ्यात भेटीच्या वेळा भरून जातात. फी ९० युरो, आणि किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा लागतो. तुम्ही लेकीकडे राहणार, तर तिला यजमान म्हणून एक फॉर्म भरून युट्रेख्टच्या नगरपालिकेत सही प्रमाणित करून घ्यावी लागेल. तो कागद मूळ प्रतीत तुमच्याकडे यायला हवा, आत्ताच तिला सांगा. तुमचे पेन्शनचे कागद, बँकेचं स्टेटमेंट, आणि सातबारा इंग्रजी भाषांतरासह जोडा. ही माणसं परत जातील ना, हे त्यांना बघायचं असतं. चार एकर संत्र्याची बाग सोडून कोण राहतं?

आता कालवे. सुरुवात ॲमस्टरडॅमपासून करू नका. पहिले दोन दिवस युट्रेख्टमध्येच आउडेग्राख्तच्या काठानं चाला. तो कालवा दोन मजली आहे. वर रस्ता आणि दुकानं, पायऱ्या उतरून गेलं की पाण्याच्या पातळीला दुसरा काठ, आणि त्यावर उघडणारी जुनी तळघरं. माल बोटीतून थेट तळघरात उतरायचा. हे डोक्यात बसलं की ॲमस्टरडॅम वाचता येतं.

युट्रेख्टहून ॲमस्टरडॅम रेल्वेनं अर्ध्या तासाच्या आत. बँकेचं कार्ड यंत्राला टेकवून चढायचं, उतरल्यावर पुन्हा टेकवायचं, हे दुसरं लोक विसरतात आणि जास्त पैसे कापले जातात. सकाळी नऊच्या आत पोचा आणि हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त, प्रिन्सेनग्राख्त या तीन कालव्यांच्या काठानं चाला. हा पट्टा १६१३ पासून खणायला घेतला, २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. घरांच्या माथ्याकडे बघा, प्रत्येकाला एक तुळई आणि आकडा दिसेल. जिने इतके अरुंद की सामान अजूनही दोरानं खिडकीतून वर चढवतात.

मॅडम, तुमच्या विद्यार्थ्याचं उत्तर या घरांच्या खाली आहे. वरची माती दलदलीची, म्हणून लाकडी खांब ठोकत सुमारे १२ मीटर खालच्या वाळूच्या थरापर्यंत नेले आणि त्यावर घरं बांधली. डाम चौकातला राजवाडा १३,६५९ खांबांवर उभा आहे. लाकूड पाण्यात बुडालेलं असेपर्यंत सडत नाही. भूजल खाली गेलं आणि खांबाच्या डोक्याला हवा लागली की बुरशी धरते आणि घर खचतं. म्हणून या शहराला पाणी चढण्याइतकीच ते उतरण्याचीही धास्ती आहे. कालव्याची पातळी समुद्रसपाटीच्या सुमारे ४० सेंटीमीटर खाली राखलेली असते आणि पंप, झडपा, लॉकगेट यांच्या मदतीनं ती हलू देत नाहीत.

एक सूचना. लालसर रंगाचा रस्ता सायकलींचा असतो. फोटो काढता काढता मागे सरकून त्यावर जाऊ नका, सायकली जोरात येतात.

मोर्शीचा कास्तकार

मॅडम, नमस्कार. सोयाबीनचं टेन्शन नोका घेऊ. यंदा पेरणी कोणत्या तारखेले झाली अन् वाण किती दिवसांचा, ते पाहा. जूनच्या शेवटी पेरलं असन अन् शंभर दिवसांचा वाण असन त सोंगणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यावर जाते. भाऊबंदात कोणाले आधीच बोलून ठेवा, सोंगणी एकरी गुत्त्यानं द्या, गंजी ताडपत्रीखाली झाका, मळणी तुम्ही आल्यावर करा. संत्र्याचा सौदा झाला असन त व्यापाऱ्याचा माणूस बगीच्यात राहतेच. तुमच्या घरच्यांले म्हणा, बारा दिवसांत बाग कुठं जात नाही.

मी तिकडे २०१७ साली अभ्यासदौऱ्यात गेलो होतो. आमच्यासोबतचे लोक फुलांचा लिलाव पाहून खुश झाले, मले मात्र बेमस्टर सोडवत नव्हतं. तुम्ही दोघं तिथं जाच. ॲमस्टरडॅमच्या उत्तरेले आहे, बस जाते. तिथं आधी तलाव होता. १६१२ साली पवनचक्क्यांनी पाणी उपसून तो कोरडा केला अन् चौकोनी वावरं पाडली. जमीन समुद्रापेक्षा साडेतीन मीटर खाली. भोवती गोल कॅनल आहे, त्याचं पाणी वावरापेक्षा वर. मी बांधावर उभा होतो. एका बाजूले खाली गाई चरत होत्या, दुसऱ्या बाजूनं त्यांच्या डोक्याच्या वरून बोट चालली होती. चारशे वर्षं झाले, उपसा एक दिवस बंद नाही. आधी पवनचक्की, मंग वाफेचं इंजिन, आता पंप.

अजून एक गोष्ट मुलीकडून समजून घ्या. तिथं पाण्यासाठी वेगळी निवडून दिलेली संस्था राहते, वॉटरस्खाप म्हणतात. देशात अशा २१ आहेत. दर चार वर्षांनी लोक त्याच्यासाठी मतदान करतात, वेगळा कर भरतात. काहींची मुळं तेराव्या शतकातली, म्हणजे तो देश देश व्हायच्या आधीची. मी आमच्या गावच्या पाणी वापर संस्थेत आहो, म्हणून मले हे सगळ्यात जास्त लागलं. बांध फुटला त राजा अन् कास्तकार संगंच बुडते, म्हणून संगंच बसून ठरवा लागलं.

पांढरकवड्याची सून

ताई, आम्ही तीन वर्षांपूर्वी याच दिवसांत मुलाकडे जाऊन आलो, म्हणून घरच्या गोष्टी सांगते.

तूप आणि बर्फी नेऊ नका. दूध आणि दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपात न्यायला बंदी आहे. संत्रीही नाहीत, फळांना सरकारी आरोग्य दाखला लागतो, केळी-नारळासारखी पाचच फळं त्यातून सुटली आहेत. कुरड्या, सरगुंडे, मूगवड्या, पापड, जवसाची चटणी, घरचा काळा मसाला असं कोरडं न्या. लेकीला बर्फीपेक्षा मूगवड्यांची भाजी जास्त गोड लागेल. तूप तिकडच्या लोण्याचं तिथंच कढवा, आम्ही तेच केलं.

बाहेर खायला सुरिनामी दुकानं शोधा. १८७३ पासून आपल्या उत्तर भारतातले मजूर सुरिनामच्या मळ्यांवर नेले होते, त्यांच्या वंशातले पुष्कळ लोक १९७५ च्या सुमारास नेदरलँड्समध्ये आले. त्यांच्याकडे रोटी, बटाट्याची भाजी आणि चवळीच्या लांब शेंगा मिळतात. 'अंडं नको, मांस नको' असं स्पष्ट सांगा, कारण रोटीसोबत उकडलेलं अंडं ठेवायची पद्धत आहे. आमच्याशी त्या दुकानातल्या आजी त्यांच्या बोलीत बोलल्या. भोजपुरीसारखं वाटलं, निम्मं समजलं. पाच पिढ्यांनंतरही बाई पोळी तव्यावरच भाजत होती. माझे डोळे भरून आले.

भाऊंच्या गुडघ्यांसाठी: जुन्या घरांचे जिने शिडीसारखे उभे असतात. ॲन फ्रँकचं घर बघायचं असेल तर आत खडे जिने आहेत, त्यांना जमेल का ते आधी ठरवा. तिकीट फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांचं सुटतं, आपल्या घड्याळात दुपारी दीडला. मुलीला गजर लावायला सांगा. व्हॅन गॉगच्या संग्रहालयाचंही वेळेचं तिकीट आधी काढावं लागतं, तिथे लिफ्ट आहे. त्यात १८८५ सालचं एक चित्र आहे, शेतकऱ्याचं कुटुंब दिव्याच्या उजेडात बटाटे खातं आहे. त्या माणसांचे हात बघा, ताई. मातीत काम करणाऱ्याचेच हात आहेत. आमचे हे त्या चित्रापुढे बाकावर बराच वेळ बसून राहिले.

ॲमस्टरडॅमच्या मुख्य स्टेशनच्या मागून पलीकडच्या काठावर जाणारी फेरीबोट फुकट आहे. पाय दुखले की तीतच बसा, पाण्यावरून शहर दिसतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटली सोबत ठेवा. शौचालयाला बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात.

चुडामणकाठ

तुम्हा तिघांचे उत्तर मी रात्री ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. खांबांपाशी मला थांबवलं आणि म्हणाले, "परत वाच." पाणी खाली गेलं की घर खचतं, हे ऐकून बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच." बेमस्टरचा बांध त्यांना बघायचाच आहे, आता मला मनवायची गरज राहिली नाही.

२१ सप्टेंबरला निघणार, ४ ऑक्टोबरला घरी. पेरणी २६ जूनची आहे, सोंगणी धाकटे दीर बघतील असं आज सकाळी बोलणं झालं. लेकीला सहीच्या फॉर्मचा निरोप दिला. उद्या तलाठ्याकडे सातबारा काढायला जाते.

आर्वीचे भाऊ, एकच विचारायचं राहिलं. त्या बांधावरून चालायला सपाट वाट आहे का? ह्यांना काठी घेऊन कितपत जाता येईल?

आर्वीचा

आहे, मॅडम. बांधाच्या माथ्यावरून सपाट डांबरी रस्ता जातो आणि तिथे वर्दळ कमी असते. मिडनबेमस्टर गाव मात्र बेमस्टरच्या मधोमध आहे, बांध तिथून काही किलोमीटर लांब पडतो, तेवढं ह्यांना पायी नेऊ नका. शनिवार असेल तर मला कळवा, मी गाडी घेऊन येतो आणि तुम्हा दोघांना पूर्ण गोल कालवा फिरवून आणतो. येताना तेवढी जवसाची चटणी थोडी जास्त आणा.