यॉर्कटाउनला कॉर्नवॉलिसची सुटका का झाली नाही?

प्रश्न: अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, १७८१ साली, न्यूयॉर्कमध्ये ब्रिटिश सरसेनापती क्लिंटनची मोठी फौज होती, आरमारही होतं. मग व्हर्जिनियात यॉर्कटाउनला अडकलेल्या ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिसला समुद्रमार्गे बाहेर का काढलं नाही?

प्रतिसाद १: खरी मेख समुद्रातच होती. खोल पाण्याचं बंदर म्हणून कॉर्नवॉलिसने यॉर्कटाउन निवडलं, पण चेसापीक उपसागराचं तोंड आपल्याकडेच राहील हे गृहीत धरून. ऑगस्टअखेर फ्रेंच नौसेनापती द ग्रास वेस्ट इंडीजहून २८ मोठी लढाऊ जहाजं आणि ३,००० वर सैनिक घेऊन आला. ५ सप्टेंबरला त्याची २४ जहाजं ब्रिटिश नौसेनापती ग्रेव्हजच्या १९ जहाजांशी भिडली. निकाल लागला नाही. मात्र दोन्ही आरमारं लढत-टेहळत बाहेर खोल समुद्रात गेली, आणि तेवढ्यात दुसरा फ्रेंच नौसेनापती बारास न्यूपोर्टहून वेढ्याच्या अवजड तोफा घेऊन आत शिरला. मोडकी जहाजं घेऊन ग्रेव्हज न्यूयॉर्कला परतला.

तिकडे अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशाम्बो १९ ऑगस्टलाच दक्षिणेकडे निघाले होते. क्लिंटनला न्यूयॉर्कवरच हल्ला होणार असं वाटत राहावं म्हणून न्यू जर्सीत पाव भाजायच्या भट्ट्यासुद्धा बांधल्या. फार सुंदर हूल!

प्रश्नकर्ता: पण तटबंदी होती ना? मदत येईपर्यंत तग धरता आला नसता?

प्रतिसाद २: तिथे कॉर्नवॉलिसची मोठी चूक झाली. मदत येतेय असं क्लिंटनचं पत्र मिळताच त्याने सप्टेंबरअखेर बाहेरचे बहुतेक मोर्चे (संरक्षक ठाणी) एका रात्रीत सोडून दिले. जी जमीन घ्यायला शत्रूला रक्त सांडावं लागलं असतं, ती फुकट गेली.

६ ऑक्टोबरच्या रात्री अमेरिकन-फ्रेंच फौजेने गावाला समांतर पहिला खंदक खणला, ९ला तोफा सुरू झाल्या, ११च्या रात्री दुसरा खंदक आणखी जवळ. तो नदीपर्यंत नेण्याच्या आड ९ आणि १० क्रमांकाचे ब्रिटिश मोर्चे येत होते. १४च्या रात्री फ्रेंचांनी ९ घेतला. अमेरिकन अधिकारी हॅमिल्टनच्या तुकडीने बंदुका न भरता, नुसत्या संगिनींनी १० घेतला. चुकून बार उडाला तर शत्रू सावध होईल म्हणून. १६च्या रात्री नदीपलीकडे ग्लॉस्टरला निसटायचा कॉर्नवॉलिसचा डाव वादळाने हाणून पाडला. १९ला शरणागतीवर सह्या झाल्या. क्लिंटनचं मदतीचं आरमार त्याच दिवशी न्यूयॉर्कहून निघालं आणि चेसापीकपाशी पोचलं २४ला!

प्रतिसाद ३: दोन्ही प्रतिसाद उत्तम, पण अमेरिकन सेनापती ग्रीनला विसरू नका. १५ मार्चला उत्तर कॅरोलायनात गिलफर्ड कोर्टहाउसला त्याच्याशी लढून कॉर्नवॉलिस जिंकला, पण चौथाई फौज गमावून. रसदीसाठी तो विल्मिंग्टनच्या किनाऱ्याला गेला आणि तिथून उत्तरेला व्हर्जिनियात. ग्रीन त्याच्या मागे न जाता दक्षिण कॅरोलायनात वळला, आणि आतल्या भागातली ब्रिटिश ठाणी एकेक करून रिकामी झाली.