शरदातला सुकामेवा: घरच्या कुकीज, सॅलड आणि आपले अनुभव

मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय भागात, जिथे माझे घर आहे, तिथे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत क्रॅनबेरीची काढणी चालते. वाफ्यांत पाणी सोडून वेली घुसळल्या, की आत हवेचे कप्पे असलेली ही फळे सुटून वर तरंगू लागतात. ताजे फळ चावले तर त्यापुढे आवळाही गोड वाटावा, इतके ते आंबट असते. म्हणून सुकवण्यापूर्वी ते कापून साखरेच्या पाकात मुरवतात. सुक्या क्रॅनबेरीसोबत मुळातच बरीच साखर येते, हे ध्यानात यायला मला तीन शरद लागले. तोपर्यंत मी कृतीत दिलेली सगळी साखर घालत होते आणि घरचे लोक माझ्या कुकीज चहात न बुडवता पाण्यासोबत खात होते.

आता माझे प्रमाण असे आहे: ११५ ग्रॅम लोणी, ८० ग्रॅम ब्राउन शुगर, एक अंडे, ९५ ग्रॅम मैदा, अर्धा चमचा खाण्याचा सोडा, चिमूटभर मीठ, १२० ग्रॅम ओट्स आणि तेवढ्याच क्रॅनबेरी. गोळे तासभर फ्रिजमध्ये ठेवून १७५ अंश सेल्सिअसला १० ते १२ मिनिटे भाजते आणि मधला भाग अजून कच्चा वाटत असतानाच ट्रे बाहेर काढते, कारण गरम ट्रेवर त्या आणखी शिजतात. सॅलडसाठी केल या जाड पानांच्या पालेभाजीची पाने मीठ आणि लिंबू लावून चुरते, अगदी कोबीच्या पचडीला चुरतो तशी, आणि त्यात भाजलेला बटरनट भोपळा व अक्रोड घालते. सुका मेवा आपण कसा वापरता, काय बिघडले आणि ते कसे सुधारले, हे प्रमाणासह लिहावे, ही विनंती.

तासगाव

आमच्याकडे बेदाणा विकत आणायचा नसतो, तो शेडवरून येतो, त्यामुळे माझा अनुभव थोडा उलट्या दिशेचा आहे. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये द्राक्षांचे घड द्रावणात बुडवून शेडमधल्या जाळीच्या रॅकवर सावलीत पसरतात आणि साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा हाती लागतो. ऐन सुकवणीत अवकाळी पाऊस आला, की मालाचा रंग काळवंडतो आणि भाव उतरतो, मग तो चवीला कितीही चांगला असो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. माल शीतगृहात राहतो आणि दसरा-दिवाळीला मागणी वाढते, म्हणून शरद हा आमच्यासाठी तोडणीचा नव्हे, तर विक्रीचा हंगाम आहे.

धाकट्या जाऊबाईंनी ओव्हन आणला, तेव्हा आम्ही घरात बेदाण्याची कमतरता नसल्याच्या ऐटीत पिठाइतकेच बेदाणे घातले. कुकीच्या पृष्ठभागावर डोकावणारे बेदाणे फुगले, करपले आणि कडू झाले, तर आतल्या बेदाण्यांनी पिठातला ओलावा ओढून घेतल्यामुळे कडा भुसभुशीत झाल्या. सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकून, “बेदाण्याला आधी पाणी दाखवायचं असतं गं,” एवढेच म्हटले. शिऱ्यासाठी आपण जे नेहमी करतो, ते ओव्हनपाशी आल्यावर आम्ही विसरलो होतो. आता बेदाणे कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, निथळून, फडक्यावर कोरडे करून, चमचाभर मैद्यात घोळवून घालतो. गोळ्याच्या वर आलेला बेदाणा बोटाने आत ढकलतो. बेदाणा जुना असेल, तर त्याच्यावर साखरेचे कण धरतात आणि तो दाताखाली करकरतो. तो खराब झालेला नसतो आणि कोमट पाण्याने पुन्हा मऊ होतो.

डोंबिवली

वरच्या अनुभवाला माझी एक पुस्ती आहे, कारण मी दुसरे टोक गाठले होते. नाचणीच्या कुकीजमध्ये सुके अंजीर रात्रभर भिजवून आणि वाटून घातले. चव उत्तम होती, पण कुकी ट्रेवर पसरून केकसारखी मऊ झाली आणि ऑक्टोबरच्या दमट हवेत बंद डब्यात चौथ्या दिवशी तिच्यावर बुरशी दिसली. आता अंजीर कात्रीने बारीक कापून कोरडेच घालते आणि पिठात दोन चमचे दूध वाढवते. डबा भरण्यापूर्वी कुकीज पूर्ण गार होऊ देते. लेट्यूसची पाने इथल्या उकाड्यात तासाभरात मान टाकतात, त्यामुळे माझ्या सॅलडमध्ये भाजलेले रताळे, काकडी, डाळिंबाचे दाणे आणि अंजिराचे तुकडे असतात. कोशिंबिरीला सॅलड म्हटले म्हणून काही बिघडत नाही.

स्टुटगार्ट

आमच्या श्वाबेन भागात ‘हुट्झलब्रोट’ नावाचा पाव सुक्या नासपतींपासून करतात आणि नासपती ज्या पाण्यात भिजवतात, त्याच पाण्यात पीठ मळतात. शेजारच्या आजींकडे हे पाहिल्यापासून मी बेदाण्याचे पाणी ओतून देणे बंद केले. ते आटवून सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये घातले, तर मध लागत नाही. शरदात इथे ‘फेल्डझालाट’ ही छोट्या पानांची भाजी मिळते. तिच्यासाठी तीन भाग अक्रोडाचे तेल, एक भाग सफरचंदाचे व्हिनेगर आणि थोडी मोहरीची पेस्ट घुसळते, सुके जर्दाळू कापून त्यातच अर्धा तास ठेवते आणि पाने मात्र वाढण्याच्या क्षणी मिसळते. सोबत होक्काइडो भोपळ्याच्या भाजलेल्या फोडी असतात, ज्यांची साल काढावी लागत नाही, हे माझ्यासारख्या आळशी माणसाला विशेष आवडते.

पुणे

आमच्या मुलाला दमा आहे. जर्दाळूच्या कुकीज खाल्ल्यावर त्याला दोनदा खोकल्याची उबळ आली, तेव्हा डॉक्टरांनी पाकीट आणायला सांगितले. केशरी रंग टिकावा म्हणून जर्दाळूवर गंधकाची प्रक्रिया केलेली असते आणि काही दमेकऱ्यांना ती त्रासदायक ठरते. तेव्हापासून आम्ही प्रक्रिया न केलेले, तपकिरी रंगाचे जर्दाळू घेतो. दिसायला ते अनाकर्षक असतात, पण चव अधिक गडद असते. आमचे सासरे, ज्यांनी मधुमेहामुळे साखर सोडली आहे, त्यांना मात्र खजुरातही साखर असते हे अजून पटलेले नाही, आणि खजुराच्या कुकीजचा डबा मला वरच्या फळीवर ठेवावा लागतो.

पुन्हा मॅसॅच्युसेट्स

काल तासगावच्या सासूबाईंचे ऐकून क्रॅनबेरीला पाणी दाखवले, फक्त पाण्याऐवजी संत्र्याचा कोमट रस घेतला. साखर आणखी १५ ग्रॅम कमी केली. पहिला घाणा संध्याकाळपर्यंत संपला. दुसऱ्यात मी वर आलेल्या क्रॅनबेरी आत ढकलायला विसरले, आणि त्या तेवढ्याच करपल्या.