६० दिवसांची टांगती तलवार

'अमेरिकेत एवढा पगार मिळतो, मग कुरकुर कशाची?' हा प्रश्न रास्त आहे, पण पगार ही अर्धीच बाजू झाली. एच-१बीवर, म्हणजे कंपनीने अर्ज करून मिळवलेल्या नोकरीच्या व्हिसावर असताना नोकरी गेली की हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. तेवढ्यात नव्या कंपनीने अर्ज भरायला हवा, नाहीतर दुसरा व्हिसा बघा किंवा गाशा गुंडाळा.

आमच्या टीममधल्या एकाला सकाळी अचानक मीटिंगचं बोलावणं आलं आणि दुपारपर्यंत त्याचा लॅपटॉप बंद. बायको एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), मुलगी चौथीत, घरभाड्याचा करार वर्षभराचा. कामात तो आमच्यापैकी कुणापेक्षाही कमी नव्हता.

ग्रीन कार्डाचं म्हणाल, तर नोकरीवर मिळणाऱ्या कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, त्यामुळे भारतीयांची रांग वर्षानुवर्षं हलत नाही. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला अर्ज) मंजूर असेल तर सहा वर्षांची मुदत संपल्यावरही एच-१बी वाढवून मिळतो, हा मोठा दिलासा. पण मुलं २१ वर्षांची झाली की बहुतेकदा आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात. (वयाच्या हिशोबात थोडी सवलत आहे, पण ती सगळ्यांना पुरत नाही.) बालवाडीपासून इथेच वाढलेल्या मुलाने परदेशी विद्यार्थी म्हणून कॉलेजात जायचं, याची मला मनापासून चीड येते.

नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगते, घर घ्यायची घाई करू नका. निदान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. पगाराच्या पावत्या आणि मंजुरीची कागदपत्रं ऑफिसच्या लॅपटॉपवर नकोत, स्वतःजवळ हवीत. आय-१४० ची प्रत कंपनीकडून आत्ताच मागून घ्या.