सोडायचं म्हणजे नेमकं काय? येशू आणि बुद्ध एकच सांगतात का?

धोटा_साखरपेठ
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळाय, कुणी चिडू नका. घराच्या मागंच आमचा कारखाना, कारखाना म्हणजे काय तर चार पावरलूम. वडील गेल्यापासून बंदच आहे, टॉवेलला भाव नाही आणि कामगार पण मिळंनात. धाकट्या भावाला सगळं भंगारात द्यायचंय, मला काय देववत नाही. रविवारी उगंच जाऊन कुलूप काढतो, मागावर बसलेला कापसाचा भुगा झटकतो, वडलांच्या हाताला लागून गुळगुळीत झालेला एक लाकडी धोटा, मागावर आडवा धागा नेतो तो, अजून खिडकीत ठेवलाय. बायको म्हणती त्याला नैवेद्य तेवढा दाखवायचा राहिलाय.

तर ऑफिसात डबा खायला आम्ही तिघं बसतो, एक ख्रिश्चन, एक बौद्ध. पहिला म्हणतो देवावर विश्वास ठेव आणि सोडून दे, दुसरा म्हणतो ही तृष्णा हाय बघ, सोड. दोघंबी सोडच म्हणतायत, मग फरक काय ओ? ख्रिस्ती माणसाला देव तरी आहे, त्याच्या भरवशावर सोडता येतं, पण बुद्धाकडं कर्ता-करविता कुणीच नाही म्हणतात मग तिथं श्रद्धा ठेवायची कशावर? आणि खरंच मनावर घ्यायचं म्हणलं तर बायकापोरं सोडून भिक्षू नायतर फादर व्हायचं का?

मोदीकर
सलाम भाऊ. तुमच्या मित्रानं अर्धंच सांगितलं वाटतं. बायबलात मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येशूकडं पळत येतो, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळतो म्हणतो, आणि येशू त्याला सांगतो की जे आहे ते विक, गरिबांना दे आणि माझ्यामागं ये. तो तोंड पाडून निघून जातो. श्रीमंतानं देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा सुईच्या नाकातून उंट जाणं सोपं हे वाक्य तिथलंच. पण त्या गोष्टीत एक बारीक ओळ आहे ती लोक गाळतात, येशूनं त्याच्याकडं बघितलं आणि त्याला त्याच्यावर प्रीती वाटली. म्हणजे विक हे रागानं सांगितलेलं नाही. आणि हाच हुकूम सगळ्यांना नाही दिलेला. जक्कय जकातदार अर्धी मालमत्ता गरिबांना देतो म्हणला, ज्याला फसवलं त्याला चौपट देतो म्हणला, तेवढ्यावर येशू म्हणतो आज या घराला तारण मिळालं. उरलेलं अर्धं कुठंय असं विचारत बसला नाही. येशूचा प्रेषित पौल तर तंबू शिवून पोट भरायचा. मुद्दा मालक कोण हा आहे, देव का पैसा, दोघांची चाकरी एकदम होत नाही. आमच्यात आधी सोडायचं आणि मग देव भेटणार असं नसतं, आधी कुणीतरी आपल्याला धरलंय हा विश्वास, मग हातातलं आपोआप ढिलं होतं.

बायकापोरांचं म्हणाल तर ख्रिस्ती झालेल्या कवी ना. वा. टिळकांचं बघा. १९१७ ला मिशनची पगारी नोकरी सोडून ख्रिस्ती संन्यासी झाले, साताऱ्याला देवाचा दरबार नावाचा भक्तमेळा काढला, पण बायकोला, लक्ष्मीबाईंना आणि मुलांना काय सोडलं नाही.

बुधवारपेठ
जय भीम, नमो बुद्धाय. श्रद्धा नाही कोण म्हणतंय ओ? दीघजाणु नावाचा कोलिय कुळातला एक माणूस बुद्धांना सरळ विचारतो, आम्ही संसारी, पोराबाळांच्या गर्दीत झोपणारे, काशीचं चंदन लावणारे, सोनंचांदी घेणारे, आम्हाला झेपंल असं सांगा. बुद्ध त्याला चीवर घे, म्हणजे भिक्खू हो, म्हणत नाहीत. कष्टानं कमव, कमवलेलं सांभाळ, चांगल्या माणसात राहा, कमाई बघून खर्च कर, हे आधी सांगतात. त्यानंतर श्रद्धा, शील, त्याग, प्रज्ञा. श्रद्धा त्यात पहिली आहे. पण ती वैद्यावर ठेवावी तेवढी, औषध घेऊन बघण्यापुरती, गुण आला का नाही ते तुमचं तुम्हालाच कळणार.

मोदीकर सरांच्या आणि आमच्या वाटेत खरा फाटा इथं फुटतो. येशू म्हणतो माझ्यामागं ये. इकडं वक्कली नावाचा आजारी भिक्खू बुद्धांच्या दर्शनासाठी तळमळत होता, बुद्ध स्वतः जाऊन त्याला म्हणाले या घाणेरड्या शरीरात बघण्यासारखं काय आहे, जो धम्म बघतो तो मला बघतो. म्हणजे मलाही धरून बसू नको. धम्माला सुद्धा तराफा म्हणलंय, नदी पार झाली की डोक्यावर घेऊन फिरायचा नाही.

आणि धोटा भाऊ, तृष्णा फक्त हवं हवं म्हणणारी नसती, नको नको म्हणणारी पण असती. तुमच्या धाकट्याला कधी एकदा विकून मोकळा होतो झालंय ना, ते पण तपासा की.

चादर_सम्राट
भंगारचा भाव काय चाललाय ते आधी बघा बे, अध्यात्म नंतर.

मिलकामगाराचा_नातू
मला ह्या सोडा सोडा चा जरा वैताग येतो. आमच्या आजोबांना मिल बंद पडल्यावर कुणी विचारलं नव्हतं सोडताय का म्हणून. १९५० साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात बाबासाहेबांनी स्पष्ट लिहिलंय की धर्मानं गरिबीला पवित्र ठरवू नये, ज्याच्याकडं आहे त्यानं संपत्ती सोडली तर ती धन्य अवस्था असू शकेल पण गरिबी कधीच नाही. त्यांनी मांडलेला सिद्धार्थ सुद्धा म्हातारा, आजारी, प्रेत बघून घर सोडत नाही, रोहिणी नदीच्या पाण्यावरून शेजारच्या कोलियांशी युद्ध नको म्हणला म्हणून बाहेर पडतो. म्हणजे ते सोडणं संसाराचा कंटाळा म्हणून नव्हतंच. बुधवारपेठवाल्यांनी हे सांगायला पाहिजे होतं.

बुधवारपेठ
मान्य की दादा, पण भाऊंचा प्रश्न गरिबीचा नाही, वडलांचा आहे.

धोटा_साखरपेठ
हां, वडलांचाच आहे. मग एकच सांगा, गेलेल्या माणसाची आठवण धरून ठेवणं हे पण दोघांत चूकच का?

मोदीकर
नाही भाऊ. मेलेल्या मित्राला, लाजाराला, परत उठवणार हे येशूला माहीत होतं तरी त्याच्या कबरीकडं जाताना तो रडला.

बुधवारपेठ
बुद्धांची सेवा करणारा शिष्य आनंद पण रडला होता. कुसिनाऱ्याला बुद्ध शेवटच्या अवस्थेत पडलेले आणि हा आत दाराला टेकून रडत होता, मी अजून शिकतोयच आणि शास्ते, म्हणजे गुरू, चालले म्हणून. बुद्धांनी बोलावून घेतलं. शोक करू नको, जे प्रिय आहे त्याचा वियोग होणारच हे सांगितलंच नव्हतं का म्हणाले, पण तेवढ्यावर थांबले नाहीत. इतकी वर्षं तू मैत्रीनं माझी सेवा केलीस हे त्याला सांगितलं, आणि बाकीच्या भिक्खूंसमोर त्याचे गुण सांगत बसले. धाकट्या भावालाबी त्या खोलीत एकदा बोलवा की, तो वडलांबद्दल काय बोलतोय ते तरी ऐका.